कारागृह शिपाई व्हायचंय? मग तयारी अशी करा

महाराष्ट्रात कारागृह शिपायाची भरती पोलीस शिपाई भरतीसोबतच निघते. त्यामुळे बरेच जण 'जमलं तर हेही' म्हणून अर्ज भरतात आणि तिथेच फसतात. पोलीस शिपायासाठी जिल्हा किंवा आयुक्तालय निवडतात, इथे मात्र कारागृह विभागाचा घटक, म्हणजे त्याचा एखादा प्रादेशिक विभाग, निवडायचा असतो. 2024 मध्ये मैदानी चाचणी झालेल्या भरतीत मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या 4 विभागांत मिळून 1800 जागा होत्या. एकाच पदासाठी दोन घटकांत अर्ज केलात तर उमेदवारीच जाते. निवड झाल्यावर नेमणूक गावापासून लांब मिळू शकते, हे घरी आधीच बोलून घ्या.

शिक्षण बारावी उत्तीर्ण लागतं, शाखा कोणतीही चालते. वय 18 ते 28, मागासवर्गीयांना 33 पर्यंत. उंची-छातीचे आकडे मात्र जाहिरातीतूनच घ्या, मित्राच्या सांगण्यावरून नको, कारण पदानुसार ते बदलतात. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमी लेयर आणि अधिवास दाखला जाहिरात येण्याआधीच काढून ठेवा. धावून पहिला आलेला उमेदवारही तारीख उलटलेल्या दाखल्यापायी आरक्षणाचा लाभ गमावून बसतो.

खरी चाळणी मैदानावर लागते. चाचणी 50 गुणांची असते. त्यात किमान 25 हवेत, आणि तेवढे पुरतीलच असं नाही, कारण लेखीला एका जागेमागे 10 जणांनाच बोलावतात.

लांब धाव 20 गुणांची. पुरुषांना 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत, महिलांना 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत पूर्ण केलं की पैकीच्या पैकी. म्हणजे 400 मीटरचा फेरा पुरुषांनी साधारण 77 सेकंदांत, महिलांनी 85 सेकंदांत मारायचा. पहिलाच फेरा 65 सेकंदांत मारणाऱ्याचे पाय तिसऱ्या फेऱ्यात जड होतात. सरावात हातात घड्याळ ठेवा आणि प्रत्येक फेऱ्याची वेळ वहीत लिहा.

100 मीटर धाव आणि गोळाफेक, प्रत्येकी 15 गुण. गोळ्याकडे सगळे दुर्लक्ष करतात, पण इथेच सर्वांत स्वस्तात गुण वाढतात. पुरुषांचा गोळा 7.260 किलोचा, महिलांचा 4 किलोचा. पूर्ण गुणांसाठी पुरुषांना 8.50 मीटर, महिलांना 6 मीटर फेक लागते. गोळा मानेला टेकवून पाय आणि कंबरेच्या जोरावर ढकलायचा. चेंडूसारखा खांद्यामागून फेकलात तर फाऊल होतो, शिवाय कोपर दुखावतं ते वेगळंच. सरावालाही त्याच वजनाचा गोळा घ्या.

लेखी परीक्षा 100 गुणांची, 90 मिनिटांची, मराठीतून. गणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान असे विषय. 40 टक्के गुण आवश्यक, पण निवड मैदान आणि लेखीच्या बेरजेवर होते.

निवडीनंतर प्रशिक्षण. मग बराकी, टॉवर, मुख्य दरवाजा आणि मुलाकतीच्या (कैद्यांना नातेवाईक भेटतात त्या) खोलीवरची पाळी. सकाळी बराकी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना कैद्यांची मोजणी जुळलीच पाहिजे. एक आकडा चुकला की सगळं थांबतं. कैदी 'साहेब, एवढी चिठ्ठी बाहेर द्या' म्हणून गळ घालतात. पहिल्याच चिठ्ठीला नाही म्हणा, कारण ती घेतलीत की पुढच्या मागणीला नाही म्हणता येत नाही. निषिद्ध वस्तू आत पोचवणं हा कायद्याने गुन्हा आहे.

पुढे हवालदार, सुभेदार अशी पदोन्नती मिळते. तुरुंगाधिकारी व्हायचं मनात असेल तर नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करून ठेवा.