मल्चिंग पेपर मातीत कुजवताय? आधी या चुका टाळा

मल्चिंग पेपर म्हणजे तण आणि ओल राखायला पिकाच्या बेडवर, म्हणजे उंच वाफ्यावर, अंथरतात ती प्लास्टिकची फिल्म. तो फाटला, तुकडे झाले, दिसेनासा झाला, म्हणजे कुजला असं समजणाऱ्यांपुढे मी आता हात जोडतो. तुकडे पडणं वेगळं आणि कुजणं वेगळं. कुजलं म्हणजे जिवाणू-बुरशीने ते खाल्लं, त्यातला कार्बन त्यांच्या अंगी लागला आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. एवढं डोक्यात बसलं तर खालच्या निम्म्या चुका होणारच नाहीत. पण दर हंगामात तेच फोन, तेच फोटो.

नाव बघून पेपर घेणं

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. ‘मातीत विरघळणारा’, ‘इको’, ‘ऑक्सो-बायो’ अशा नावांनी येणाऱ्या बंडलांत बरेचदा साधं पॉलिथिनच असतं. त्यात लोह, मँगनीज, कोबाल्ट असल्या धातूंचे क्षार मिसळलेले असतात, एवढाच फरक. ऊन आणि उष्णता लागली की ते ठिसूळ होतं आणि त्याचा भुगा पडतो. भुगा मात्र पॉलिथिनचाच. युरोपीय संघाने ऑक्सो प्रकारचं प्लास्टिक जुलै 2021 पासून बाजारातून बंद केलं, ते उगाच नाही.

जुन्नरकडच्या आमच्या एका अण्णांनी उन्हाळी टोमॅटोला हा पेपर घातला. दुकानदार म्हणाला, “अण्णा, काढायची मजुरी वाचली समजा. शेवटी ट्रॅक्टरचा रोटर फिरवा, पावसाळ्यात खत होतंय.” मजुरी वाचणार म्हटल्यावर पुढचं कुणी ऐकत नाही. मी म्हटलं होतं, बंडलावर कुठलं मानक छापलंय ते तरी बघा. त्यावर, “तुमचं आपलं नेहमीचं.”

तोडे चालू असतानाच बेडवरचा पेपर पापडासारखा मोडायला लागला. पाय पडला की चुरा. अण्णा खूश, कारण त्यांच्या मते तो कुजायला लागला होता. पण बेडच्या दोन्ही कडांना मातीत दाबलेली जी वीतभर पट्टी असते, तिला ऊन लागलेलंच नव्हतं. ती जशीच्या तशी, नव्यासारखी चिवट. रोटर घातला तेव्हा वरच्या पेपरचे नखाएवढे तुकडे रानभर झाले आणि कडेच्या पट्ट्या रोटरच्या फिरत्या दांड्याला गुंडाळल्या गेल्या. ट्रॅक्टरवाला दर दोन तासाला खाली उतरून कोयत्याने त्या कापत बसला आणि त्याचे तासाचे पैसे अण्णांनीच मोजले. वाचलेली मजुरी तिथेच गेली.

खरा त्रास पावसाळ्यात झाला. त्या रानात मेथी टाकली. मेथी मुळासकट उपटतात, त्यामुळे मुळांच्या जाळ्यात अडकलेले काळे-चंदेरी तुकडे थेट जुडीत आले. धुतले तरी निघेनात, कारण मूळ तुकड्याला वळसा घालून गेलेलं. आडत्याने दोन जुड्या उकलून बघितल्या आणि माल बाजूला काढला. शिवाय मोठ्या पावसाने तुकडे वाहून खालच्या बांधापलीकडे गेले, ते भांडण वेगळंच.

यावर अण्णांनी मला विचारलं, आता कुठलं कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं पाणी, सोडू? सोडण्यासारखं काहीच नाही. पाऊस पडून गेल्यावर तुकडे वर उघडे पडतात, तेव्हा प्रत्येक खुरपणीला बायांच्या हाती एक वेगळी पाटी द्यायची आणि वेचत राहायचं. माझ्याकडे तरी दुसरा उपाय नाही, आणि कुणी आहे म्हणत असेल तर त्याला आधी स्वतःच्या रानात करून दाखवायला सांगा.

ड्रममधलं कल्चर पॉलिथिनवर ओतणं

दोनशे लिटर पाणी, दोन किलो गूळ आणि वेस्ट डीकंपोझरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची, बाटली. पाचट, काडीकचरा, शेण यांना हे चांगलं आहे, मीही वापरतो. पण ‘सगळं खातं’ असं कुणीतरी सांगतं आणि लोक खड्ड्यात मल्चिंग पेपर, रोपांच्या पिशव्या, खताच्या गोण्या भरून वरून हे शिंपडतात. वर्षाने खड्डा उकरला की शेणखत झकास झालेलं असतं आणि पेपर झटकला तर चकचकीत निघतो.

कारण साधं आहे. जिवाणूला तोंड नसतं. तो बाहेर एन्झाइम, म्हणजे पाचक रस, सोडतो, त्या एन्झाइमने समोरच्या वस्तूची साखळी तुटली तरच बारीक तुकडे आत घेतो. सेल्युलोज, स्टार्च यांच्या साखळीत तोडता येतील असे सांधे असतात. पॉलिथिनची साखळी कार्बनला कार्बन अशी लांबच लांब, मध्ये सांधाच नाही. मग कल्चर एक लिटर ओता नाहीतर एक टँकर.

इथे कुणीतरी जपानचं उदाहरण काढतोच. साकाई शहरात बाटलीचं प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला, 2016 मध्ये त्याचं संशोधन छापून आलं, हे खरं. पण तो खातो पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. त्यात एस्टर नावाचे, तोडता येणारे सांधे असतात. तुमच्या बेडवर पॉलिथिन आहे. आणि प्रयोगशाळेतही त्याला पेटची पातळ फिल्म संपवायला, 30 अंश तापमान राखून, सहा आठवडे लागले.

दुसरं उदाहरण अळीचं. पॉलिथिनची पिशवी खाणारी मेणकिड्याची अळी 2017 मध्ये गाजली. शंभर अळ्यांनी बारा तासांत 92 मिलिग्रॅम पिशवी कुरतडली होती. आता हिशोब करा. पाच-पाच फुटांवर बेड आणि 25 मायक्रॉन जाडीचा, चार फूट रुंद पेपर धरला तर एकराला साधारण 75 किलो पेपर लागतो. शंभर अळ्यांना तो संपवायला हजार वर्षांवर लागतील. शिवाय ही अळी मधमाशीच्या पोळ्याची वैरी आहे. परागीभवनासाठी पेट्या ठेवायच्या आणि शेजारी मेणकिडा पाळायचा? रील बघून शेती करणाऱ्यांना काय सांगायचं!

खरा कुजणारा पेपर घेऊन चुकीचं वागवणं

पीबीएटी नावाच्या कुजणाऱ्या प्लास्टिकचा, त्यात स्टार्च किंवा पीएलए (आणखी एक कुजणारं प्लास्टिक) मिसळलेला पेपर खरोखर मातीत कुजतो. त्यात सांधे आहेत, बुरशी आणि जिवाणू ते तोडतात, आणि त्याचा कार्बन जिवाणूंच्या शरीरापर्यंत पोहोचतो हे झुरिकच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलंय. भाव साध्या पेपरच्या दुपटीच्या वर जातो. एवढे पैसे घालून लोक पुढची गंमत करतात.

स्वस्त मिळाला म्हणून वर्षभर आधी घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये रचतात. उकाड्याने आणि दमटपणाने तो बंडलातच कमजोर होतो आणि अंथरताना फाटतो. लागणीच्या तोंडावर घ्या, सावलीत ठेवा.

कलिंगड, खरबुजाला तो जमतो. दोन-अडीच महिन्यांत रान मोकळं होतं. पपई, आल्यासारख्या लांब मुदतीच्या पिकाला घालून मध्येच तण आलं म्हणून ओरडू नका.

पीक निघाल्यावर बांधावर ढीग करून ठेवू नका. उन्हात पडून राहिला तर पीबीएटीच्या साखळ्या एकमेकींना जखडतात आणि कुजणं उलट अवघड होतं. वेल काढले की लगेच मातीआड करायचा, आणि माती ओली हवी. एप्रिलमध्ये कोरड्या रानात गाडून मे महिन्यात उकरून ‘काहीच झालं नाही’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. कोरड्या मातीत जिवाणू काम करत नाहीत हो! पाऊस तर पडू द्या. युरोपचं मातीतल्या पेपरचं मानक आहे ईएन 17033. त्यातसुद्धा 25 अंशांच्या आसपास 90 टक्के कुजायला दोन वर्षांपर्यंत मुदत आहे.

माझी सवय सांगतो. नवीन पेपर आला की हातभर तुकडा कापतो, कांद्याच्या जाळीदार पिशवीत मातीसकट भरतो आणि बेडमध्येच सहा इंचावर पुरतो. वर खुंटी, खुंटीवर तारीख. पावसाळा संपला की उकरायचा. पुढच्या वर्षी एकरभर घालायचा की नाही, ते त्यावर ठरतं. दुकानदाराला हे सांगितलं की निम्म्या वेळा तोच म्हणतो, “साहेब, तुम्ही साधाच न्या.”

‘कंपोस्टेबल’ पिशवी गांडूळखतात टाकणं

अशा पिशवीवर छापलेलं आयएस 17088 हे भारतीय मानक कंपोस्टिंगचं आहे. त्यातली चाचणी 58 अंशांच्या आसपास होते. तेवढ्या उष्णतेत तुमची गांडुळं एक दिवस जगणार नाहीत. गांडुळाच्या बेडमध्ये ती पिशवी महिनोन् महिने तशीच राहते.

बाकीच्या

जाळणं: नका. त्यात पीव्हीसीचा पाइप गेला तर धूर विषारीच.

पैसे वाचवायला 15 मायक्रॉनचा साधा पेपर: काढताना हातात चिंध्या येतात आणि निम्मा रानातच राहतो. साधा घालायचा तर 25 चा घाला.

काढायची वेळ: रान वाळून दगड झाल्यावर नाही आणि चिखलातही नाही, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत असताना. आधी कडेची माती कुदळीने सैल करायची, ठिबकची नळी ओढून घ्यायची, मग जुन्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर पेपर गुंडाळत जायचं. दोन माणसं लागतात.

गुंडाळलेला पेपर दोन दिवस वाळवून झटका आणि लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या जुन्या नळ्यांत, मिसळू नका. भंगारवाला लॅटरल आनंदाने नेतो. माती लागलेला पेपर त्यात दिसला की तो सगळ्याचाच भाव पाडून मागतो.