जर्मन शेफर्ड आणि गुळगुळीत फरशी
आमचा शेरू जर्मन शेफर्ड, वजन 38 किलो. घरातल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवरून उठताना त्याचे मागचे पाय फाकायचे. या जातीत खुब्याच्या सांध्याचा त्रास मुळातच जास्त, त्यामुळे जीव टांगणीला लागलेला. आधी डॉक्टरांकडून सांधे तपासून घेतले. ते ठीक निघाले. मग पंजे उलटे करून पाहिले, तर पंजाखालच्या मऊ गाद्यांमधले केस वाढून तळव्यावर आलेले. पकड मिळणार कुठून? बोथट टोकाच्या कात्रीने ते गाद्यांच्या पातळीला कापले, नखंही घासली. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी पाठीच्या चटया सलग अंथरल्या. मधे फट ठेवू नका, नेमका तिथेच पाय सरकतो. आता पठ्ठ्या एका दमात उठतो! कोपरांवर मात्र घट्टे पडू लागलेत, त्यासाठी जाड गादी शिवायला टाकलीय.