ड्रायव्हरची जार समोर असूनही जावाला सापडत नाही तेव्हा

ड्रायव्हरची (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या कोडची) जार, म्हणजे जावाचे क्लास एकत्र बांधलेली फाइल, डाउनलोड झाली आहे आणि डेटाबेस चालू आहे, असं धरून चालते.

आधी एरर नीट वाचा. 'क्लास नॉट फाउंड' म्हणजे क्लासचं नाव चुकलंय किंवा जार क्लासपाथवर, म्हणजे जावाने क्लास शोधायच्या जागांच्या यादीत, नाही. 'नो सुटेबल ड्रायव्हर' असेल तर यूआरएलही, म्हणजे कोडमध्ये दिलेला डेटाबेसचा पत्ता, तपासा. सुरुवातीच्या 'जेडीबीसी'नंतरचा कोलन सुटला तरी हेच येतं. कोड कम्पाइल झाला यावर विसंबू नका, ड्रायव्हर लागतो तो रन करताना.

आता खरी अडचण. ऐरोलीच्या ऑफिसात एकदा याच पायी माझी ठाण्याची शेवटची लोकल गेली. क्लासपाथचं व्हेरिएबल सेट केलं, '-सीपी' (कमांडमध्येच क्लासपाथ सांगायचा पर्याय) देऊन पाहिलं, जार तीन फोल्डरांत कॉपी केली. शेवटी प्रोग्राममधूनच 'जावा.क्लास.पाथ' ही प्रॉपर्टी प्रिंट केली, तर तिथे एकच नाव: माझ्या अ‍ॅपची जार. ड्रायव्हरचा पत्ताच नाही! कारण कमांडमध्ये '-जार' (जार थेट चालवायचा पर्याय) होतं. ते असलं की जावा '-सीपी'ही बघत नाही आणि व्हेरिएबलही. तिथे चालते फक्त जारच्या आतल्या मॅनिफेस्टमधली (जारची माहिती असलेल्या फाइलमधली) 'क्लास-पाथ' ही ओळ.

म्हणून '-जार' काढा, '-सीपी'मध्ये दोन्ही जार द्या आणि शेवटी मेन क्लासचं (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्याचं) पॅकेजसकट नाव लिहा. '-जार' हवंच असेल तर मॅनिफेस्टमध्ये ड्रायव्हरचा पाथ लिहा. तो अ‍ॅपची जार जिथे आहे तिथून मोजला जातो आणि दोन नावांमध्ये स्पेस लागते. मॅनिफेस्टच्या टेक्स्ट फाइलमध्ये शेवटच्या ओळीनंतर एंटर माराच, नाहीतर ती ओळ धरलीच जात नाही.

'-सीपी'मध्ये दोन जारच्या मध्ये विंडोजवर सेमीकोलन, लिनक्सवर कोलन. विंडोजची कमांड लिनक्सवर तशीच पेस्ट केली तर शेल सेमीकोलनपाशी कमांड तोडतो. 'लिब' फोल्डरमधल्या सगळ्या जारसाठी 'लिब/*' लिहिलंत तर ते अवतरणचिन्हात घाला. त्यात सबफोल्डरमधल्या जार येत नाहीत.

जार जावाच्याच 'लिब/एक्स्ट' फोल्डरमध्ये टाका, असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. 2017 साली आलेल्या जावा 9 पासून ती सोय बंद आहे, आणि तो फोल्डर सापडला तर जावा सुरूच होत नाही.

ड्रायव्हरचा क्लास नावाने लोड करणारी 'क्लास.फॉरनेम'ची ओळ 2006 च्या जावा 6 पासून सहसा लागत नाही. तरी चूक शोधताना मी ती मुद्दाम घालते: जार नसेल तर 'नो सुटेबल ड्रायव्हर'ऐवजी न सापडलेल्या क्लासचं नावच समोर येतं. मायएसक्यूएलच्या नव्या ड्रायव्हरच्या क्लासच्या नावात 'सीजे' असतं, ते विसरू नका.

टॉमकॅट या वेब सर्व्हरचा कनेक्शन पूल (डेटाबेसची तयार ठेवलेली कनेक्शन्स) वापरत असाल तर जार टॉमकॅटच्या 'लिब'मध्ये ठेवा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा.