सर्वांत छोटी सावली किती वाजता?

वर्कशीट काढायला बसलात की आधी पाठ उघडू नका, प्रश्न शोधा. उत्तर येतंय असं मुलांना वाटतं आणि मैदानात गेल्यावर जुळत नाही, असा. मी साताऱ्यात आठवीला गणित-भूगोल शिकवते. ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ या पाठाला माझा प्रश्न ठरलेला: सर्वांत छोटी सावली किती वाजता पडते?

पहिली जागा अंदाजाची. ‘मला काय वाटतं, का वाटतं’ हे पेननेच लिहायचं, खोडरबर बंद. बहुतेक जण बिनधास्त बारा लिहितात. लिहू द्या.

मग तक्ता. रकान्यांना नावं द्या, पण वेळा छापू नका. किती मिनिटांनी मोजायचं ते गट ठरवेल. मीटरभर काठी, ओळंबा आणि टेप पुरतो. डिसेंबरअखेर ही सावली साधारण ८७ सेंटिमीटरपर्यंत आखडते, पण तेव्हा दहा मिनिटांत फरक पडतो जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणजे दोन-तीन नोंदी सारख्याच येणार आणि गटात वाद लागणार. गाईडछाप वर्कशीट इथेच उत्तर सांगून मोकळी होते. आपण एवढंच विचारायचं: ‘आधी आणि नंतर सारख्या लांबीची सावली कधी दिसली? त्या दोन वेळांच्या मधोमध किती वाजतात?’ उत्तर १२.३४च्या आसपास येतं.

आलेखाला कोरी चौकट द्या. प्रमाण निवडणं हेच तर गणित. अक्ष आखून दिलेत की उरते नुसती ठिपक्यांची हमाली.

मागच्या बाजूला ‘असं का?’ नकाशात भारताची प्रमाणवेळ ज्यावरून ठरते ते ८२°३०' रेखावृत्त आणि साताऱ्याचं रेखावृत्त, म्हणजे सुमारे ७४°, मुलांनीच शोधायचं. साडेआठ अंश, अंशाला चार मिनिटं. पहिल्यांदा करताना नाताळचा सुमारच धरा. फेब्रुवारीच्या मध्यावर हीच वेळ आणखी चौदा मिनिटं पुढे सरकते आणि हिशेब जुळत नाही.

इतिहासाला एक ओळ पुरे: प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागची जुनी वेळ १९५५पर्यंत चालली, कोणाची अडचण झाली असेल? मराठीसाठी, नागपूरच्या एखाद्या शाळेला काठी कशी रोवायची, कसं मोजायचं हे कळवणारा व्हॉट्सॲप निरोप. तिथली सावली आपल्या वीस मिनिटं आधी सर्वांत छोटी होते, हे मात्र छापू नका.

तळाशी ‘अजून काय कळलं नाही’साठी चार ओळी सोडा. त्यांना गुण नकोत.