सरकारी जमाखर्चाचा स्वतंत्र अंदाज बांधताना या चुका टाळा

देशाच्या अर्थव्यवस्थेचा आणि सरकारी जमाखर्चाचा अंदाज अर्थमंत्रालयाबाहेरच्या संस्थेने बांधावा, ही कल्पना आता अनेक देशांत रुजली आहे. नेदरलँड्समध्ये १९४५ साली अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गेन यांच्या नेतृत्वाखाली ‘सीपीबी’ ही संस्था सुरू झाली, अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने काँग्रेशनल बजेट ऑफिस (सीबीओ) अस्तित्वात आले आणि ब्रिटनने २०१० मध्ये ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी (ओबीआर) स्थापन केले. अशा संस्थेचा किंवा एखाद्या अभ्यासकाचा अंदाज चुकला की पहिला संशय गणिती मॉडेलवर घेतला जातो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा मॉडेलमध्ये घातलेल्या गृहीतकांत असतो आणि शोध तिथूनच सुरू करायला हवा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळे लक्ष वास्तव, म्हणजे किंमतवाढ वगळून मोजलेल्या, विकासदरावर ठेवणे आणि महागाईचे गृहीतक घाईने उरकणे. कर वसूल होतो तो चालू किमतींवर, त्यामुळे तिजोरीच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती चालू किमतींनुसार होणारी वाढ. समजा, वास्तव वाढ ६ टक्के आणि किंमतवाढ ४ टक्के धरली, तर चालू किमतींनुसार वाढ १० टक्क्यांच्या किंचित वर जाते. प्रत्यक्षात वास्तव वाढ बरोबर ६ टक्केच झाली, पण किमती १ टक्क्यानेच वाढल्या, तर हीच वाढ ७ टक्क्यांवर येते. विकासदराचा अंदाज अचूक ठरला म्हणून समाधान मानले जाते आणि करवसुली कमी पडून तूट मात्र वाढते, कारण आधी निश्चित दराने काढलेल्या कर्जावरचे व्याज आणि मंजूर झालेले वेतन किंमतवाढ मंदावली म्हणून कमी होत नाहीत.

हाच फरक कर्जाच्या गणितात किती वाढत जातो, ते करून पाहावे. कर्ज जीडीपीच्या ८० टक्के, सरासरी व्याजदर ७ टक्के आणि व्याज वगळून उरणारी, म्हणजे प्राथमिक, तूट दरवर्षी जीडीपीच्या २ टक्के असे धरू. जुन्या कर्जाला १.०७ ने गुणून, वाढ १० टक्के असेल तर १.१० ने भागायचे आणि आलेल्या उत्तरात २ मिळवायचे. पहिल्या वर्षाअखेर प्रमाण ७९.८ येते आणि पाच वर्षांनी ७९ च्या आसपास राहते. वाढ ७ टक्के धरली तर गुणक आणि भाजक सारखे होतात, प्रमाण दरवर्षी २ अंकांनी चढते आणि पाच वर्षांनी ९० होते. वाढीच्या गृहीतकातल्या तीन अंकांनी कर्जाचे प्रमाण जवळपास ११ अंकांनी बदलले आणि तेही सरकारने खर्चाचा एकही निर्णय बदललेला नसताना. कर्जाचा अंदाज अनपेक्षितपणे हलला, तर नव्या योजनांची यादी उघडण्याआधी व्याजदर आणि चालू किमतींनुसार वाढ यांतले अंतर तपासावे.

दुसरी जागा म्हणजे सुरुवातीचा आकडा. जीडीपीचे पहिले प्रकाशित आकडे अपुऱ्या माहितीवर बेतलेले असतात आणि पुढे सुधारले जातात. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकेची अर्थव्यवस्था वार्षिक ३.८ टक्के दराने आकुंचन पावल्याचे आधी जाहीर झाले होते; सुधारित आकडेवारीत ती घसरण ८ टक्क्यांहून अधिक निघाली. ज्यांनी पहिला आकडा पक्का मानला, त्यांचे पुढचे सगळे हिशेब चुकीच्या पायरीवरून सुरू झाले. म्हणून त्या दिवशी हाती असलेली आकडेवारी तारखेसह जपून ठेवावी. नाहीतर चूक अंदाजाची की आकडेवारीची, हे नंतर सांगता येत नाही.

सरकारी खर्चकपातीचा परिणाम कमी लेखणे, ही अनुभवी संस्थांकडूनही झालेली चूक आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ऑक्टोबर २०१२ च्या आपल्या अहवालात दाखवून दिले की, उत्पादन कपातीच्या रकमेच्या सुमारे निम्म्याइतके घटेल असे अंदाजकर्ते धरून चालले होते, तर मंदीच्या काळात प्रत्यक्ष घट कपातीच्या ०.९ ते १.७ पट होती. सामान्य काळातले हे प्रमाण, म्हणजे गुणक, मंदीत जसाच्या तसा वापरू नये.

ओबीआरच्या उत्पादकतेच्या अंदाजांत निराळा दोष दिसला. उत्पादकता लवकरच जुन्या वेगाने वाढू लागेल, असे अंदाज वर्षामागून वर्ष मांडले गेले आणि ते खरे ठरले नाहीत. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये संस्थेने हा अंदाज बराच खाली आणला. त्या संस्थेने आपल्या चुका स्वतःच प्रकाशित केल्या, ही मला मोलाची गोष्ट वाटते. चुका कधी वर तर कधी खाली जात असतील तर ते अनिश्चिततेचे लक्षण आहे. त्या सलग एकाच बाजूला जात असतील तर गृहीतकच बदलायला हवे.

संस्था कायद्याने स्वतंत्र आहे, एवढ्यावरही विसंबू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सरकारने मोठी करकपात जाहीर केली, तेव्हा सोबत ओबीआरचा अंदाज नव्हता. सरकारी रोख्यांचे व्याजदर झपाट्याने चढले आणि काही दिवसांतच बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीसाठी उतरावे लागले. प्रकाशनाची वेळ सरकारच्या हाती राहिली, तर स्वातंत्र्य कागदावर उरते.

अंदाज भाकितासारखा वाचणे, ही चूक बांधणारा आणि वाचणारा दोघेही करतात. सीबीओचा पायाभूत अंदाज प्रचलित कायदे तसेच राहतील असे धरून मांडलेला असतो. जानेवारी २००१ मध्ये संस्थेने २००२ ते २०११ या दशकात एकूण ५.६ लाख कोटी डॉलर शिलकीचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात तेवढ्या काळात मोठी तूट साचली. पुढे झालेल्या विश्लेषणात या फरकाचा मोठा भाग नंतर संमत झालेल्या करकपातीचा आणि वाढीव खर्चाचा निघाला, तर उरलेला अर्थव्यवस्थेच्या आणि तांत्रिक गृहीतकांच्या चुकांचा. प्रत्येक अंदाजाची मुदत संपली की झालेल्या चुकीची अशीच फोड करावी: धोरण बदलल्याने किती, अर्थव्यवस्था वेगळी वागल्याने किती आणि कर किंवा खर्चाचा हिशेबच चुकल्याने किती. पुढच्या अंदाजात दुरुस्ती करायची ती दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची. पहिला भाग लोकप्रतिनिधींच्या निर्णयांचा आहे आणि तो त्यांच्या नावावरच नोंदवावा.