चॉकलेट वाइन पहिल्यांदा ट्राय करताय? मग हे वाचा, आणि पुढे काय काय घ्यायचं तेही

चॉकलेट वाइन पहिल्यांदा आणणारे बरेच जण नेहमीचा वाइनचा मोठा ग्लास काढतात, अर्ध्याच्या वर भरतात, जेवणाबरोबर घेऊन बसतात आणि तिसऱ्या घोटाला म्हणतात, बापरे, किती गोड आहे हे. अहो ती गोडच असणार, ती जेवण झाल्यावर गोडाच्या जागी घ्यायची वाइन आहे. छोटा ग्लास, 60 ते 75 मिली, गप्पा मारत हळूहळू. एवढं पाळलं की निम्मं काम झालंच.

विकत घेताना आधी लेबल नीट वाचा कारण चॉकलेट वाइन या नावाखाली दोन एकदम वेगळ्या गोष्टी मिळतात. एक क्रीमवाली, यात रेड वाइन, क्रीम आणि चॉकलेट एकत्र असतं आणि दिसायला सरळ चॉकलेट मिल्कच. नेदरलँड्सची चोकोवाइन ही यातली खूप प्रसिद्ध, तिच्यात अल्कोहोल 14 टक्के आहे म्हणजे दिसतं दूध पण ताकद पूर्ण वाइनची, त्यामुळे सरबतासारखी गटागटा पिऊ नका, गोडव्याखाली अल्कोहोल कळतच नाही. दुसरी म्हणजे रेड वाइनमध्ये फक्त चॉकलेटचा फ्लेवर घातलेली, ग्लासात लालच दिसते, वास मात्र कोकोचा. ज्यांना दूध चालत नाही त्यांनी तर हा फरक आधीच बघून घ्या.

क्रीमवाली एकदम गार पाहिजे. बाटली उघडण्याआधी हलक्या हाताने हलवून घ्या आणि बर्फाच्या दोन खड्यांवर ओता. लालवाली फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, कारण फार गार असली की कोकोचा वास दबतो आणि नुसता तुरटपणा जिभेवर राहतो. मला स्वतःला लालवाली जास्त आवडते, क्रीमवाली पहिल्या घोटाला छान लागते पण जीभ लवकर कंटाळते.

आता सोबत काय खायचं. एक नियम डोक्यात ठेवा, ड्रिंक हे खाण्यापेक्षा जास्त गोड पाहिजे. उलटं झालं तर वाइन आंबट आणि पाणचट लागते. आणि डार्क चॉकलेटबरोबर नेहमीची कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रेड वाइन रोमँटिक वगैरे म्हणून घेतात ना, ते बहुतेक वेळा जमत नाही, दोन्हीत तुरटपणा असतो, तो एकावर एक चढतो आणि तोंड कोरडं पडतं. चॉकलेट वाइनबरोबर उलट फार गोड काही नकोच, भाजलेले खारे बदाम किंवा स्ट्रॉबेरी घ्या, मिठाने चॉकलेटची चव अजून खुलते.

पण खरी मजा याच्या पुढे आहे. काही वाइन्समध्ये कोणी चॉकलेट घालत नाही तरी कोको, मनुका, कॉफी, कॅरॅमलचा वास आपोआप येतो, द्राक्षामुळे आणि मुरवल्यामुळे. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली पोर्ट घ्या. रस आंबत असताना मध्येच द्राक्षाचं कडक स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं, साखर तशीच राहते, म्हणून ती गोडही असते आणि 19 ते 22 टक्के कडकही. रूबी पोर्ट बेरीसारखी, डार्क चॉकलेटला मस्त. टॉनी पोर्ट पिंपात मुरते, ती कॅरॅमल आणि अक्रोडवाल्या गोडाबरोबर. फ्रान्सच्या दक्षिणेला बान्यूल्स आणि मोरी या वाइन्स ग्रेनाश द्राक्षापासून अशाच पद्धतीने करतात आणि चॉकलेट केकबरोबर माझ्या मते यांच्यापेक्षा चांगली जोडी नाही.

मग स्पेनची पेद्रो हिमेनेथ शेरी, ही एकदा तरी घ्याच. द्राक्षं उन्हात वाळवून मनुकांसारखी करतात आणि मग पिळतात, साखर लिटरला 300-400 ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. ग्लास तिरका करून बघा, काळपट तपकिरी, काकवीसारखी दाट, काचेवरून उतरायला वेळ लावते. साधं व्हॅनिला आइस्क्रीम घ्या, दोन चमचे ही शेरी वरून ओता आणि मिनिटभर थांबा, कडेने जिथे आइस्क्रीम वितळून शेरीत मिसळतं ना तिथून पहिला चमचा घ्या. फक्त शुगर असेल तर जपून, 60 मिलीत 20 ग्रॅमच्या आसपास साखर जाते.

कडक नको असेल तर इटलीची ब्राकेट्टो दाक्वी, हलकी लाल, बुडबुडेवाली, अल्कोहोल पाच-सहा टक्क्यांच्या आसपास, गुलाब आणि स्ट्रॉबेरीचा वास, मिल्क चॉकलेटबरोबर एकदम हलकंफुलकं काम. आणि गोडाचा कंटाळा आला की बारोलो किनातो, त्याच भागातली, बारोलो या रेड वाइनमध्ये सिंकोना झाडाची कडू साल आणि मसाले घालतात, गोड-कडू अशी, 70 टक्क्यांच्या चॉकलेटच्या एका तुकड्याबरोबर घेऊन बघा.

घरी काही करायचं असेल तर ब्रँडी अलेक्झांडर सगळ्यात सोपं. 30 मिली ब्रँडी, 30 मिली डार्क क्रेम द काकाओ, 30 मिली फ्रेश क्रीम, भरपूर बर्फ घालून जोरात हलवायचं, गाळायचं, वरून जायफळ किसायचं. क्रेम द काकाओ हे कोकोचं लिकर आहे, त्यात दूध-क्रीम नसतं, म्हणून क्रीम वेगळं घालायचंच.

थंडीत गरम चॉकलेटमध्ये रेड वाइन घालतात तेही भारी लागतं पण घाईत केलं तर दूध फाटतं, कारण वाइन आंबट असते आणि उकळतं दूध तिला टिकत नाही. तर असं करा, दुधाऐवजी निम्मं क्रीम निम्मं दूध घ्या, त्यात डार्क चॉकलेट आणि चमचाभर कोको पावडर पूर्ण विरघळवून दाट होऊ द्या, मग गॅस बंद, आणि वाइन दुसऱ्या भांड्यात कोमट करून बारीक धारेने ओतत सतत ढवळा. वाइन दुधाच्या निम्म्याहून कमीच ठेवा आणि कोरडी तुरट नको, फळांच्या चवीची घ्या. वाइन घातल्यावर परत उकळायचं नाही.

उरलेल्या बाटल्यांचं म्हणाल तर क्रीमवाली उघडल्यावर फ्रिजमध्येच, आणि लेबलवर किती दिवस लिहिलंय ते बघून संपवायची, गुठळ्या दिसल्या की टाकून द्यायची. ब्राकेट्टो त्याच दिवशी संपवा, बुडबुडे गेले की तिच्यात राम नाही. रूबी पोर्ट फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे, टॉनी आणि पेद्रो हिमेनेथ त्याहून जास्त टिकतात, बूच मात्र घट्ट लावा आणि बाटली उभी ठेवा.