ग्वाल्हेरहून चंबळ: घडियाल आणि पाणचिरे बघायला कधी, कसं जावं

पुण्या-मुंबईचे पाहुणे किल्ला आणि जयविलास पॅलेस बघून परतीची गाडी धरतात, तेव्हा मला फार हळहळ वाटते. अजून एक दिवस राहिले तर त्यांना चंबळ बघता येईल. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून निघालं की आग्र्याच्या हायवेवर मुरैना ओलांडून साधारण साठ किलोमीटरवर चंबळेचा पूल लागतो. त्याच्याजवळच राजघाट आहे आणि तिथून राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात बोटीने फिरता येतं. हे अभयारण्य मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश अशा तीन राज्यांत पसरलंय. जगात आज जेवढे घडियाल, म्हणजे लांब तोंडाच्या सुसरी, शिल्लक आहेत, त्यांतले बहुतेक याच नदीत आहेत.

आधी काय बघायचंय ते ठरवा आणि मग वेळ. जंगल म्हटलं की लोक पहाटे चारला उठून निघतात, पण हिवाळ्यात घडियालांसाठी त्याचा काही उपयोग नाही. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात दाट धुकं असतं, समोरचा काठही दिसत नाही. शिवाय घडियालाला अंगाची ऊब उन्हातूनच घ्यावी लागते, त्यामुळे थंड सकाळी तो पाण्यातच राहतो. ऊन चढलं की एकेक करून वर येतात आणि रेतीवर पसरतात. म्हणून घरून नाश्ता करून निघा. दहा ते दोन ही खरी वेळ.

पाणचिरे बघायचे असतील तर सगळं उलटं. मार्च ते मे हे पक्षी चंबळेच्या रेतीच्या बेटांवर अंडी घालतात, आणि तेव्हा आमच्याकडचं ऊन सोसवत नाही. अंधारात निघून उजाडता उजाडता घाटावर पोचा. पाणचिऱ्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब असते. पाण्याला अगदी चिकटून उडताना ती खालची चोच पाण्यात बुडवून तो रेघ ओढत जातो आणि मासा लागला की चोच मिटतो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

जुलै ते सप्टेंबर नदीला पूर असतो, बोटी बंद. तिकिटाचे दर आणि वेळा बदलतात, त्या घाटावर वनविभागाकडेच विचारून घ्या. रविवार शक्यतो टाळा.

बोटीला छत असेलच असं नाही. टोपी, पाणी आणि थंडीत कान झाकायला मफलर हवाच, नदीवरचा वारा फार बोचतो. कपडे मातकट रंगाचे घाला. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि मुलांना हात पाण्यात घालू देऊ नका, इथे मगरीही आहेत. मगरीचं तोंड रुंद, घडियालाचं लांब आणि चिंचोळं. वयात आलेल्या घडियाल नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा गोळा येतो. दुर्बीण असेल तर तो स्पष्ट दिसतो. मोठा घडियाल जमिनीवर अंग उचलून चालू शकत नाही, पोटावर घसरतच पाण्यात जातो.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. प्राणी दिसला की नावाड्याला सांगा, "भैया, मोटर बंद कर दो, दूर से ही देखेंगे." पाहुण्यांना खूश करायला बोट अगदी काठापर्यंत नेली की घडियाल पाण्यात उतरतो. ज्याला ऊन खायचंय त्याला आपण थंड पाण्यात ढकललेलं असतं. रेतीच्या बेटावर तर फोटोसाठीसुद्धा उतरू नका. पाणचिऱ्यांची अंडी रेतीच्याच रंगाची असतात, पायाखाली आली तरी कळत नाही. उन्हाळ्यात हे पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्यांवर बसून त्यांना गार ठेवतात. तुमच्यामुळे पक्षी उठला तर ती अंडी थोड्याच वेळात तापून जातात. मार्च-एप्रिलमध्ये घडियालाच्या माद्याही याच रेतीत खड्डे करून अंडी घालतात.

थंडीत चक्रवाकांच्या जोड्या आणि पट्टकादंब हंसांचे थवे सहज दिसतात. गंगेचा डॉल्फिनही या नदीत आहे, पण तो नशिबाचा भाग. खोल पाण्यावर नजर ठेवा, श्वास घ्यायला पाठ क्षणभर वर येते तेवढीच.

परतताना मुरैन्याजवळचं देवरी घडियाल केंद्र चुकवू नका. नदीकाठची अंडी आणून इथे उबवतात, पिल्लं सव्वा मीटरच्या आसपास वाढली की चंबळेत सोडतात. देशातल्या मगर संवर्धन प्रकल्पाची सुरुवात 1975 ची. घडियाल तेव्हा संपायलाच आले होते. लहान मुलांना इथे पिल्लं जवळून बघता येतात, बोटीतून ते शक्य नसतं. थंडी असेल तर मुरैन्याची ताजी गजक, म्हणजे तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाईही घ्या.

जंगलही हवं असेल तर दुसरा दिवस शिवपुरीसाठी ठेवा. शिंद्यांच्या जुन्या शिकारीच्या रानात माधव राष्ट्रीय उद्यान आहे. 2023 मध्ये तिथे पुन्हा वाघ आणून सोडले. उद्यानातला सख्यासागर तलाव 2022 पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे आणि त्याच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. शिवपुरी ग्वाल्हेरहून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, पण जंगलात सकाळीच शिरायचं असेल तर आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा.